जमीन कशी आली

निवृत्त माणसांची आत्मचरित्रं तपासून देणं हा आता माझा उद्योग झाला आहे. पूर्वी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं वाचायची नोकरी होती. ती संपली तशी माणसं घरीच येऊ लागली. कोणी पाटबंधारे खात्यातले अभियंते, कोणी मुख्याध्यापिका, कोणी बँकेत हयात घालवलेले. पिशवीत दोनशेपानी वह्या असतात, नाहीतर मुलाने टाइप करून आणलेलं बाड. पुस्तक विकायचं नसतंच. सहस्रचंद्रदर्शनाला जमलेल्या पाहुण्यांना पेढ्यांच्या पुड्याबरोबर द्यायचं असतं. ऱ्हस्व-दीर्घ मी बघते, मुखपृष्ठावर जुन्या घराचा फोटो मुद्रक टाकतो, आणि नावात 'वाटचाल', 'मागोवा', 'कृतार्थ' यांपैकी एखादा शब्द हमखास असतो.

पहिल्या भेटीत बहुतेक जण एकच सांगतात. "बाई, मी काही हातचं राखून लिहिलेलं नाही हं." आणि ते बऱ्याच अंशी खरं असतं. एका गृहस्थांनी स्वतःच्या दारूबद्दल इतकं सरळ लिहिलं होतं की वाचताना मलाच पाणी प्यायला उठावं लागलं. बायकोच्या पाटल्या कुठल्या सोनाराकडे मोडल्या, पगाराच्या दिवशी मुलगी कारखान्याच्या दाराशी कशी उभी राहायची, सगळं. एका बाईंनी नवऱ्याच्या संशयी स्वभावावर तीस पानं लिहिली होती, आणि नवरा शेजारच्याच खुर्चीत बसून चष्म्यावरून माझ्याकडे बघत होता. मी पानं उलटत होते आणि तो मला बिस्किटं पुढे करत होता.

अवघड विषयांची यादी काळाप्रमाणे बदलते. र. धों. कर्व्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' काढलं. संततिनियमन, कामजीवन, गुप्तरोग यांवर सरळ मराठीत लिहिलं म्हणून त्यांच्यावर खटले झाले, दंड झाले. 1934 च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. तरी निकाल विरुद्धच गेला. 1953 साली मृत्यूने गाठेपर्यंत कर्वे ते मासिक पदराला खार लावून चालवत राहिले. आज त्यातले बहुतेक प्रश्न रविवारच्या पुरवणीत डॉक्टरांच्या हसऱ्या फोटोखाली छापून येतात. सुनीता देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' 1990 साली आलं तेव्हा पु. ल. हयात होते, आणि लाडक्या माणसाबद्दल त्याच्याच बायकोने असं लिहावं म्हणून वाचक दुखावले होते. आमच्या शेजारच्या काकूंनी ते वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचलं, आणि वाचून झाल्यावर कव्हर न काढताच मैत्रिणीला दिलं. आज नवऱ्याबद्दल लिहिणाऱ्या बाईला निदान कव्हर तरी लागत नाही.

मग आता न लिहिण्यासारखं उरलं काय? माझ्या टेबलावरून गेलेल्या बाडांवरून सांगायचं, तर जमीन.

जमीन नसते असं नाही. उलट पानापानांवर असते. विशेषतः आमच्यासारख्या, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या काठच्या ब्राह्मण घरांतल्या आत्मचरित्रांत दोन प्रकरणं ठरलेली. पहिलं 'जळिताचं'. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींचा खून झाला आणि त्यानंतरच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. ते प्रकरण लिहिताना या मंडळींचं अक्षर बदलतं. धान्याच्या कोठीचा जळका वास, आईने परकरात बांधून नेलेले देव, कुठल्या घराने रात्री आसरा दिला, हे सारं काल घडल्यासारखं उतरतं. त्यात खोटं काही नाही. दुसरं प्रकरण कूळकायद्याचं. 1948 चा कायदा, मग 1957 चा एक एप्रिल, आणि कसेल त्याची जमीन. कुठल्या कुळाने किती गुंठे 'गिळले', मामलेदार कचेरीत वडिलांनी किती हेलपाटे घातले, शेवटी किती हप्त्यांत किती फुटकळ रुपये हातात आले, याचा हिशेब गट नंबरासकट दिलेला असतो.

जमीन कशी गेली याची अशी वीस-पंचवीस पानं भरतात. ती मुळात कशी आली, याबद्दल एक वाक्य असतं : "आमची वडिलोपार्जित शेती होती."

हे माझ्या ध्यानात यायला बरीच बाडं जावी लागली. एकदा आल्यावर मात्र डोळ्यांना दुसरं काही दिसेना. 1875 साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली आणि कर्जखतं बाहेर काढून जाळली, हे आपण शाळेत 'दख्खनचे दंगे' म्हणून शिकतो, दोन मार्कांसाठी. तसली खतं कोणाच्या तरी पणजोबांच्या पेटीत होती. ज्यांची जळली नाहीत, त्यांची जमीन झाली. सगळ्यांची अशी झाली असं मी म्हणत नाही. कोणाला इनाम मिळालं, कोणी वतन राखलं, कोणी खरोखर पै-पै साठवून विकत घेतली. पण तेही लिहिलेलं नसतं.

गरिबी मात्र सगळे लिहितात. जुनी गरिबी हा आता दागिना झाला आहे, कार्यक्रमाला घालायचा. वारावर जेवलो, एका सदऱ्यावर मॅट्रिक केलं, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला. खरं असतं तेही. पण आपल्याला काय मिळालं नाही हे सांगताना लाज वाटत नाही. आपल्याला काय मिळालं, आणि ते कोणाकडून आलं, तिथे पेन अडतं. दुःखाबद्दल खरं लिहायला धीर लागतो खरा, पण ते लिहिल्यावर वाचक जवळ येतो, पाठीवर हात ठेवतो. फायद्याबद्दल खरं लिहिलं तर कोण जवळ येणार?

मराठीत या बाबतीत जमाखर्च फार एकतर्फी आहे. दया पवारांचं 'बलुतं' 1978 साली आलं. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो आहे, अशी त्याची मांडणी. ही नावं एकाच माणसाची, आणि या एका युक्तीने लेखकाने स्वतःला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं. गावकीची कामं, त्याबदल्यात मिळणारं बलुतं, मुंबईतला कावाखाना हे तर त्यात आहेच. पण पहिल्या बायकोशी आपण कसे वागलो हेही आहे. असलं घरातलं चव्हाट्यावर का मांडलं, म्हणून त्यांच्याच समाजातून त्यांना बोल लागले. मग 1980 साली लक्ष्मण मान्यांचं 'उपरा', 1984 साली शरणकुमार लिंबाळ्यांचं 'अक्करमाशी', 1987 साली लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या'. लिंबाळ्यांनी तर आईबद्दल लिहिलं, आणि ज्या पाटलाने बाप म्हणून नाव दिलं नाही त्याच्याबद्दलही लिहिलं.

ही पुस्तकं पांढरपेशा घरांनी वाचली. आमच्याही घरी वाचली गेली. वडिलांनी 'बलुतं' वाचनालयातून आणलं होतं आणि वाचून दोन दिवस ते गप्प होते. त्या पुस्तकांतल्या गावांत दुसऱ्या बाजूलाही घरं होती. तिथून वरून पाणी ओतलं जात होतं, तिथून भाकरीचे तुकडे टाकले जात होते. त्या घरांतही नंतर शिकलेली, लिहिती मुलं झाली. ओंजळीत पाणी घेणाऱ्याने लिहिलं. तांब्या धरणाऱ्याच्या बाजूने लिहिलेलं माझ्या वाचनात फार थोडं आलं. हळहळ व्यक्त करणारे लेख पुष्कळ. 'आमच्या आजीने असं केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं' असं लिहिणारे विरळा.

लक्ष्मीबाई टिळक म्हणूनच मला पुन्हा पुन्हा वाचाव्याशा वाटतात. 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागांनी निघालं. 1895 साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, आणि बाई काही वर्षं वेगळ्या राहून मग स्वतःही ख्रिस्ती झाल्या. ही गोष्ट त्या रडत सांगू शकल्या असत्या. शहाणपणाचा आव आणूनही सांगू शकल्या असत्या, कारण लिहीत होत्या तेव्हा त्यांना सगळं कळून चुकलं होतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. आपलं सोवळं कसं होतं, कोणाचा स्पर्श कसा चालत नव्हता, कोणाच्या हातचं पाणी कसं घशाखाली उतरत नव्हतं, हे त्या तेव्हाच्या लक्ष्मीच्या डोळ्यांनी सांगतात. त्या जुन्या बाईला नंतरच्या बाईने कुठेही दम दिलेला नाही. वाचताना हसू येतं, आणि हसताना आपल्या आजीची आठवण येते, आणि मग हसू थांबतं. विटाळाबद्दल, टिळकांच्या तापट स्वभावाबद्दल, दारिद्र्याबद्दल त्या एकाच सुरात लिहितात. आपण कोणाचे गुन्हेगार, याची त्यांनी जाहीर कबुली वगैरे दिलेली नाही. काय घडलं ते सांगितलं.

कबुलीचं हल्ली पेवच फुटलं आहे, आणि त्याची मला धास्ती वाटते. तरुण मुलं लिहितात, 'मी उच्चवर्णीय, मला जन्मतः सगळं मिळालं, मला याची शरम आहे.' पुढच्या परिच्छेदात ते स्वतःबद्दलच बोलत राहतात. शरम वाटणं सोपं, त्यात टाळ्याही मिळतात. किती एकर, कुठल्या साली, कोणाकडून, किती रुपयांना, हे विचारा. शरम तिथे संपते आणि विषय बदलतो.

आणि सगळंच लिहिलं पाहिजे असंही मला वाटत नाही. बेबीताई कांबळे फलटणला घरच्या दुकानात बसायच्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायच्या, आणि घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून कागद लपवून ठेवायच्या. असं वर्षानुवर्षं. फलटणमध्ये राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते लिखाण बाहेर आलं, 'स्त्री' मासिकात क्रमशः छापलं गेलं, आणि 1986 साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. महारवाड्यातल्या सासवा सुनांना कशा छळत, नवरे बायकांना कसे मारत, हे त्यात अंगावर येईल असं लिहिलेलं आहे. स्वतःच्या नवऱ्याने केलेली मारहाण मात्र त्यात नाही. ती त्यांनी नंतर माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत सांगितली. पुस्तक आपल्या सगळ्या लोकांचं, म्हणून त्यात आपलं एकटीचं गाऱ्हाणं नको, असा त्यांचा विचार होता. याला लपवणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्याला सोसावं लागलं त्याने काय गाळावं हा त्याचा हक्क आहे. ज्याला मिळालं त्याने गाळलं तर ते वेगळं.

हे सगळं मी दुसऱ्यांच्या बाडांवर पेन्सिल फिरवत ठरवून टाकलं होतं. मग दादाने आपलं बाड पाठवलं.

दादा माझा थोरला भाऊ, ऐंशीच्या घरातला. वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर गावाकडेच राहिला. त्याची स्मरणशक्ती आमच्या घरात दंतकथेसारखी सांगतात. स्वयंपाकघराचं वर्णन त्याने चार पानांत केलं होतं : बंब, घंगाळ, फडताळ, त्यातली तिसऱ्या फळीवरची मेतकुटाची बरणी, मांजराने पाडलेला दुधाचा गडवा. मागच्या पडवीतला कोनाडा त्यात होता आणि कोनाड्यातली कंदिलाची काचही होती. त्या कोनाड्यात पालथा घातलेला कप नव्हता. आमच्या घरातल्या कपाचा कान तुटला की तो तिथे जायचा. लाकडं फोडायला येणारे बाबा चहा प्यायचे, कप स्वतः विसळायचे आणि पालथा घालून ठेवायचे. आतल्या मोरीपर्यंत तो कप कधी आला नाही. मी फोनवर विचारलं तर दादा म्हणाला, "अगं, ते काय लिहायचं? सगळ्यांकडेच होतं ते." घंगाळ तरी कुठे आमच्या एकट्याकडे होतं?

आणि पुढे सत्त्याऐंशी नंबरच्या पानावर होतं : 'वडिलांच्या पश्चात दोन्ही बहिणींनी हसतमुखाने आपला हक्क सोडून दिला व भावाचे घर उभे ठेवले.'

त्या दोन्ही बहिणींपैकी एक मी.

मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा 1956 च्या कायद्याने मिळाला. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये त्या वाट्याला मुलाइतकं वजन दिलं. कायदा असा वाढत गेला तशी हक्कसोडपत्रांचीही गरज वाढत गेली. आमचं झालं ते 2005 नंतरच्याच एका उन्हाळ्यात, तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात. दस्तलेखकाने कागद आधीच तयार ठेवला होता. 'विनामोबदला', 'कोणाच्याही दडपणाशिवाय', 'राजीखुशीने', असं सगळं नेहमीचं. लोखंडी बाकावर आमच्यासारख्याच बहिणी बसल्या होत्या. हातात आधारासाठी पिशवी, पिशवीत फोटो आणि ओळखपत्र. नंबर आला की खुर्चीत बसायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं, यंत्रावर अंगठा ठेवायचा. माझा अंगठा लगेच उमटला. आक्काचा उमटेना. भांड्यांनी, शेवयांच्या पिठाने तिच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. कारकून म्हणाला, "मावशी, रुमालाने पुसा आणि जोरात दाबा." तिने चार वेळा दाबला.

आक्का विधवा होती. शेवया, पापड करून विकायची, मुलगा कुठल्याशा कंपनीत कंत्राटी. माझं पुण्यात घर होतं, नवऱ्याला निवृत्तिवेतन होतं, आणि त्या जमिनीचा बांध कुठे सुरू होतो हेही मला धड सांगता आलं नसतं. दादाने विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. आई त्याच्याकडे होती, दिवाळीत माहेर उघडं राहायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर उदार होण्यात एक चैन असते, तीही होती. मी हो म्हटल्यावर आक्काला नाही म्हणायला जागा उरली नाही. कचेरीबाहेर दादा आम्हाला उसाचा रस पाजायला घेऊन गेला. तो पैसे द्यायला वळला तेव्हा आक्काने मला हळूच विचारलं, "आपल्याला किती आलं असतं गं?" मी आकडा सांगितला. तिने रसाचा ग्लास संपवला आणि म्हणाली, "आलं जास्त घातलंय." संध्याकाळी वहिनीने दोघींना साड्या दिल्या. आक्काची साडी माझ्यापेक्षा भारी होती. वहिनीला सगळं समजत होतं.

तेव्हा 'हसतमुखाने' हे खोटं होतं का? फोटोत आम्ही दोघी हसतो आहोत.

मी त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात फक्त एवढंच लिहिलं : 'किती एकर? तेव्हाचा बाजारभाव?' इतर बाडांवर मी विचारते तेच. दादाचा फोन आला. आवाज चढलेला होता. "तुला आता वाटा हवाय का?" मी म्हटलं नको. "मग हे कशाला?" मी म्हटलं, कूळकायद्यात गेलेल्या जमिनीचं क्षेत्र, आकार, गट नंबर, सगळं दिलंयस, हे एवढंच का नाही? फोन ठेवला गेला. मग पुतण्याचा आला, परदेशातून, गोड आवाजात : आत्या, बाबांचं वय बघ, आता या वयात कशाला? तो वाईट मुलगा नाही. त्या जमिनीच्या विक्रीची बोलणी चालली होती, हे मला नंतर कळलं.

कोंडी फोडली ती वहिनीने. ती फारशी बोलणारी नव्हे. गावी गेले होते तेव्हा ओट्याशी उभी राहून, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तुमच्या दोघींच्या सह्या निदान पुस्तकात आल्या तरी. मी माझ्या भावांना दिलेल्या सहीचं यात कुठे आहे? ती जमीन कालव्याखालची होती." दादा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होता. पानं उलटल्याचा आवाज थांबला. तिच्या सहीबद्दल दादाने कधी विचारलं नव्हतं, कारण तेही सगळ्यांकडेच होतं. आमचं घर दोन बहिणींच्या सह्यांवर उभं राहिलं म्हणायचं, तर तिच्या भावाचं घर तिच्या सहीवर उभं होतं, आणि आक्काच्या सासरच्या नणंदांनीही कुठल्यातरी कचेरीत अंगठे दाबलेच असणार. इतक्या बायका हसतमुखाने सह्या करत आल्या, आणि एवढ्या मोठ्या उलाढालीचं मराठी आत्मचरित्रात एका वाक्यावर भागतं.

दादा हट्टी असला तरी अर्धवट काम त्याला खपत नाही. पुढचे काही महिने त्याने मला फोन केला नाही. त्या काळात त्याने माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. कागद मोडीत. आमच्या घरात मोडी वाचणारं शेवटचं माणूस म्हणजे आजोबा. म्हणजे आपली जमीन कशी आली ते सांगणारे कागद साठ-सत्तर वर्षं घरातच होते आणि कोणालाच वाचता येत नव्हते. दादाने साताऱ्याहून मोडी जाणणारे एक निवृत्त शिक्षक आणले आणि पडवीत बसून एकेक कागद लिहवून घेतला. पणजोबांनी गहाण घेतलेली साडेतीन एकर. रक्कम रुपये नव्वद. व्याज दरमहा दरशेकडा दोन. मुदतीत रक्कम न आल्यास हेच खरेदीखत समजावे. खाली गहाण ठेवणाऱ्याची निशाणी नांगर, आणि नाव.

त्या नावाचं आडनाव बघून दादाने मला फोन केला. तीच साडेतीन एकर आज वाट्याने करणाऱ्या माणसाचं आडनाव तेच आहे. त्याच घरातला, चौथ्या पिढीतला. दादाला दर गुरुवारी दवाखान्यात नेतो तोही तोच.

आता माझंच पेन अडलं. दादाने लिहावं म्हणून मी मागे लागले होते; पण दुसऱ्याच्या घराचं कर्ज आपल्या पुस्तकात छापायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आपली बेअब्रू करून घ्यायला आपण मोकळे. पण या कागदात बेअब्रू होणार ती ज्याने जमीन गमावली त्याची, कारण गावात कर्जबाजारी ठरतो तो घेणारा. देणाऱ्याला सावकार म्हणतात, आणि ते म्हणताना आवाजात अजून थोडा मान असतो. नाव गाळून लिहावं, तर साडेतीन एकर कुठली हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. दादा म्हणाला, "त्याला विचारतो." मी म्हटलं, पुस्तकासाठी परवानगी मागायला गेलास तर तो नाही कसं म्हणेल? जमीन तुझ्या नावावर आहे. आक्काला तरी कुठे नाही म्हणता आलं होतं? दादा यावर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तरी विचारतो. न विचारता छापणं त्याहून वाईट."

दवाखान्यातून येताना त्याने गाडीतच विषय काढला. कागद दाखवला, शिक्षकांनी उतरवून दिलेली बाळबोध प्रतही दाखवली. त्या माणसाने गाडी लिंबाखाली बाजूला घेतली आणि ती प्रत सावकाश वाचली.

"छापा की," तो म्हणाला. "आमच्यात सगळ्यांस्नी म्हाईतच हाय. तुमालाच नव्हतं." आणि कागद परत देता देता म्हणाला, "पर हे नव्वद कुठनं आलं? आमचा आज्जा साठ म्हनायचा. साठ घेतलं आनि कागदावर नव्वद लिवलं, असं म्हनायचा."

दादाने त्यावर वाद घातला नाही. कागद खोटं कसा बोलेल, असं त्याच्या ओठांवर आलं होतं म्हणे. पण सत्त्याऐंशी नंबरचं पान त्याला आठवलं असावं, निदान मला तसं वाटतं. कपाबद्दल त्याने शेवटपर्यंत एक ओळ लिहिली नाही. आक्का आणि माझ्या सह्यांच्या वाक्यातून 'हसतमुखाने' गेलं आणि तिथे क्षेत्र आलं, आकार आला, त्या वर्षीचा भाव आला. वहिनीच्या माहेरची कालव्याखालची जमीन तिच्या प्रकरणात आली, तिने स्वतः सांगितलेल्या चार वाक्यांत. एक फर्मा वाढला, मुद्रकाने दर वाढवला, दादाने घासाघीस केली. 'वडिलोपार्जित शेती' या मथळ्याचं प्रकरण आता अकरा पानांचं आहे. त्यात गहाणखताची प्रत आहे, नाव त्या माणसाच्या सांगण्यावरून तसंच ठेवलेलं आहे, आणि रकमेच्या जागी नव्वद आणि साठ हे दोन्ही आकडे छापलेले आहेत.